बसायला ये

॥ श्री ॥
मलकापूर,
ता. ११ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. गीताताईस,
शेषरावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. कापसाचा हंगाम ऐन भरात आहे. पहाटेपासून जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि माझ्या आडतीच्या दुकानात माणसांना सतरंजी पुरत नाही. मी तर दिवसभर उभाच असतो. हे पत्रही वजनकाट्यापाशी उभ्या उभ्या लिहितो आहे, तेव्हा अक्षर लावून घे.

दाजींच्या औषधाच्या बाटल्या आणि टोपलीभर संत्री एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवली आहेत. नांदुऱ्याच्या डॉक्टरांना मी जातीने भेटलो. छातीत पाणी धरते, दगदग बिलकूल नको, असे ते म्हणाले. अकोल्याला न्यायचे ठरले तर मोटार मी करून देईन. दाजींना कशाचीही कमी पडू देणार नाही. माझे येणे मात्र हंगाम सरेपर्यंत जमेलसे दिसत नाही.

माणिक शाळेत जातो. कोकिळाही बरी आहे. घरात फारशी बोलत नाही, पण तिचा स्वभावच तसा.

दाजींना साष्टांग नमस्कार सांग. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शेषराव

॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. १५ नोव्हेंबर १९६३

चि. शेषरावास,
गीताताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाटल्या पोचल्या, संत्रीही पोचली. संत्री गल्लीतल्या पोरांनी खाल्ली, कारण तुझ्या दाजींना आंबट सोसत नाही हे तू विसरलास. मलकापूर ते वडनेर म्हणजे काही विलायत नाही. एस.टी.त बसून माणसाची तंबाखू मळून होत नाही तोवर गाव येते. पण त्यासाठी आधी बसावे लागते, आणि तिथेच तुझी अडचण आहे.

दाजींचे शेत आता बंद. सकाळी ओट्यावर येतात ते दिवेलागणीपर्यंत तिथेच, लिंबाखाली. मला वाटले होते, हा माणूस शेतावाचून कुढेल. पण उलटेच झाले. जाणारा-येणारा दोन घटका टेकतो, कोणी नसले तर एकटे बसतात. मी एकदा विचारले, देवाचे नाव तरी घेता की नाही. तर म्हणाले, कधी घेतो, कधी उगाच बसतो, त्यालेबी जरासा आराम पायजे. मी हसले, पण मनातून भ्याले. इतका शांत झालेला माणूस जवळ फार दिवस राहत नाही असे वाटते.

रोज तुझी आठवण काढतात. माय-बाप गेल्यावर तुला त्यांनी ह्याच ओट्यावर बाराखडी गिरवायला लावली, पाढे म्हणायला लावले. पोळ्याला आलास तेव्हा मोटार चालू ठेवून दारातच उभा राहिलास. चहासुद्धा घेतला नाहीस. तू गेल्यावर ते एवढेच म्हणाले, पोरगं उभं आलं अन् उभंच गेलं.

आता कोकिळेचे. तो तिचा स्वभाव नाही रे. लग्नात उखाणे घेताना मांडव डोक्यावर घेणारी पोर ती. गप्प झाली ती तानी गेल्यापासून. चार वर्षांचे लेकरू गोवरात गेले, त्याला आता दोन वर्षे होतील. तू तो विषय काढत नाहीस म्हणून मीही काढत नव्हते. आज मात्र लिहिते.

हंगाम दरसाल येतो. दाजींचे तसे सांगता येत नाही. जमेल तसे नको, लवकर ये. माणिकला पापा.

तुझी वाट पाहणारी,
गीताताई

वडनेर,
ता. २३ नोव्हेंबर

शेषराव, हे कार्ड मिळताच निघ. बसायला ये. उशीर करू नकोस.

गीता

॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. २६ नोव्हेंबर १९६३

सौ. कोकिळेस,
शेषरावाचे आशीर्वाद.

पहिली गोष्ट ही की दाजी जिवंत आहेत. रडत असशील तर डोळे पूस, आणि तेराव्याला येण्याची तयारी चालवली असशील तर थांबव.

चूक माझी म्हण, ताईची म्हण. कार्डावर श्री नाही, आशीर्वाद नाही. आपल्याकडे श्री न लिहिता कोणते पत्र धाडतात ते तुला ठाऊक आहे. त्यात लिहिलेले, बसायला ये. वऱ्हाडातला माणूस बसायला कुठे जातो? ज्या घरचे माणूस गेले त्या घरी. मी आडतीवरच मोठ्याने रडलो. मुनीम शालिग्रामला दार लावायला सांगितले, साऱ्या बाजाराला दाजी गेल्याचे सांगितले, आणि तुला तेराव्याला ये म्हणून निघालो.

इथे गल्लीच्या तोंडाशीच रीतीप्रमाणे उपरणे तोंडाला लावून हंबरडा फोडला. समोर ओट्यावर न्हावी धोपटी उघडून बसलेला. मग शंकेला जागाच उरली नाही. शेजारचे उकंडराव भेटले, त्यांच्या गळ्यात पडलो. त्यांना वाटले आपल्याच घरी कोणी गेले, म्हणून तेही रडू लागले. तेवढ्यात न्हाव्याच्या आडून साबण लावलेले तोंड बाहेर आले. दाजींनी विचारले, काऊन रडून राह्यला बे, कोन गेलं?

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. ताईने आपलेच कार्ड हातात घेऊन वाचले तेव्हा उलगडा झाला. दाजी चार दिवस एकच म्हणत होते, शेषरावले बसाले बलाव. पोस्टमन सायकलीवर टांग टाकून उभा, म्हणून त्यांचाच शब्द तिने तसाच उतरवला आणि श्री राहून गेला. जन्मात एकदा ताईने घाई केली ती अशी. दाजी खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, मेल्यावर आला असता तं मले कुठं दिसनार होता, हे लय ब्येस झालं.

संध्याकाळच्या एस.टी.ने परतणार होतो, पण कोणत्या तोंडाने? सारा बाजार समजतो की मी मयताच्या घरी बसलो आहे. उद्या काट्यापाशी उभा दिसलो तर लोक काय म्हणतील? तेव्हा दोन-चार दिवस इथेच काढतो. दाजींचे पाय फार सुजले आहेत. शालिग्रामला म्हणावे, सांभाळून घे, आणि खरे काय ते इतक्यात कोणाला सांगू नको.

माणिकला अभ्यासाला बसव. प्रकृतीस जपावे.

शेषराव

॥ श्री ॥
वडनेर भोलजी,
ता. २ डिसेंबर १९६३

चि. सौ. कोकिळेस,
गीताताईचे अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

तुझा नवरा अजून इथेच आहे. मी त्याला धरून ठेवलेले नाही, त्याचा तोच राहिला आहे. आधी आधी त्याची दशा बघवत नव्हती. एस.टी.चा भोंगा वाजला की उठून सडकेपर्यंत जायचा. घडीघडी मनगटावरचे घड्याळ पाहायचा. दाजींना दर घटकेला विचारायचा, काही हवे का. दाजींनी शेवटी सांगितले, मले काई नको, तू फक्त बूड टेकव.

मग हळूहळू निवळला. आता दोघे लिंबाखाली बसतात. एकाला डुलकी लागली की दुसरा माशा वारतो. तासन् तास एकमेकांशी बोलत नाहीत. दिवेलागणीला दाजी हात जोडतात, तोही जोडतो. काय मागतो ते विचारले तर म्हणाला, काहीच नाही. दोन वर्षांत त्याला पोटभर जेवताना मी आताच पाहिले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल दुपारी दाजींनी त्याला विचारले, तानीसाठी कितीक दिवस बसला होता? तो म्हणाला, लहान लेकराचे तीनच दिवस असतात, तेवढे बसलो, चौथ्या दिवशी आडत उघडली. दाजी म्हणाले, थे तीन दिवस गावाच्या रीतीचे होते, बाप्पा. आपलं आपल्याले मंग बसा लागते.

मग तो रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला तसा रडताना पाहिला नव्हता. मी दारात होते. पुढे जावेसे वाटले, पण दाजींनी हातानेच मला थांबवले. तू त्या लेकराची आई आहेस, हे तुला कळायला हवे म्हणून लिहिले.

आशीर्वाद आहेतच. दोन ओळी लिहीत जा.

गीताताई

॥ श्री ॥
मलकापूर,
ता. ५ डिसेंबर १९६३

ती. सौ. गीताताईंना,
कोकिळेचा शि. सा. न.

तुमचे पत्र वाचून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. राग आला. तुम्ही मोठ्या आहात म्हणून लपवत नाही.

तानी गेल्यावर चौथ्या दिवशी ह्यांनी धुतलेले धोतर मागितले आणि गेले. बायका काही दिवस माझ्यापाशी बसायला येत होत्या. मग त्यांचीही घरे-दारे, त्याही यायच्या थांबल्या. तेव्हापासून मी एकटीच बसलेली आहे. भाकरी थापते, पाणी भरते, पण आतून बसलेलीच. हे संध्याकाळी येतात, जेवतात, बाजारभाव सांगतात, झोपतात. मी तानीचे नाव काढले की उठून कंदिलाची वात खालीवर करतात. म्हणून नाव काढणे सोडले. माणिकनेही सोडले. तो एवढासा, पण त्यालाही कळले की ह्या घरात हे नाव घ्यायचे नसते.

दोन वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते तुमच्या ओट्यावर झाले. दाजींच्या पायावर माझे डोके. त्यांनी केले ते माझ्याच्याने झाले नसते. पण ह्यांना एवढे सांगा, तिथले बसणे तिथेच ठेवून, इथे पुन्हा उभ्या उभ्या यायचे असेल तर आणखी राहा म्हणावे. मला सवय आहे.

जास्त-कमी लिहिले असेल तर लेकीचे समजून पोटात घालावे.

आपली,
कोकिळा

वडनेर,
ता. ९ डिसेंबर

कोकिळा,

ह्या वेळी श्री लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. दाजी आज दुपारी गेले.

ओट्यावरच होते, मी शेजारी होतो. त्यांची मान भिंतीला टेकली तेव्हा मला वाटले, डोळा लागला. मी माशा वारत बसलो. किती वेळ वारत होतो कोण जाणे. ताई ताक घेऊन बाहेर आली तेव्हा तिला कळले.

तुझे पत्र ताईने मला वाचायला दिले होते. त्यावर इथून काही लिहीत नाही.

माणिकला घेऊन ये.

शेषराव

॥ श्री ॥
मलकापूर,
ता. २६ डिसेंबर १९६३

ती. ताईंना,
कोकिळेचा शि. सा. न.

सवयीने हात सौ. काढायला गेला होता, मग थांबले. तुम्ही जेवता की नाही? उकंडरावांच्या घरच्यांना मी सांगून आले आहे, त्या सोबतीला निजायला येतील. त्यांना नको म्हणू नका.

आम्ही सुखरूप पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी ह्यांची टोपी आणि वहाणा दाराशी ठेवल्या. शालिग्राम किल्ल्या न्यायला आला. ह्यांनी त्याला आडत उघडायला धाडले आणि आपण मधल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसले. माणिक शाळेत गेला. मी चुलीपाशी होते, पण भाकरी काही केल्या गोल होईना. तेवढ्यात हाक आली. म्हणाले, राहू दे भाकरी, इथे बस.

मी बसले. त्यांनी विचारले, त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले ते मला सांग.

ताई, त्या दिवशी हे कापसाच्या सौद्यासाठी नांदुऱ्याला गेले होते. सकाळी तिचा ताप उतरल्यासारखा वाटत होता, म्हणूनच गेले. आले तेव्हा सगळे संपले होते. तेव्हापासून मला हे कोणी विचारलेच नाही. किती वाजता ताप चढला विचारले, वैद्य काय म्हणाला विचारले, पण सकाळपासून सांग असे कोणी म्हटले नाही.

मी सांगितले. ती उठल्याबरोबर गुळाचा खडा मागत होती, तो मी दिला नाही, ते सांगितले. अंगावरचे पुरळ दिसेनासे झाले, शेजारची म्हातारी म्हणाली गोवर आत गेला, ते सांगितले. आणि जे मी कोणालाच कधी सांगितले नव्हते तेही सांगितले. दुपारपासून ती विचारत होती, बाबा कधी येतील. मी म्हटले, आता ह्या गाडीने येतील. आपल्या घरी स्टेशनावरची शिटी ऐकू येते. दर शिटीला ती डोळे उघडायची आणि म्हणायची, आले? मी म्हणायची, ही नाही बेटा, ह्याच्या पुढची. मालगाडीच्या शिटीलाही विचारायची. मग विचारायची थांबली.

हे मी दोन वर्षे पोटात ठेवले, कारण ऐकून हा माणूस मोडेल असे मला वाटायचे. त्यांनी सगळे ऐकले. उठले नाहीत. मधे आडतीवरचा माणूस बोलवायला आला, दारात थोडा थांबला आणि आपणच परत गेला. मी विचारले, सांगायला नको होते का? त्यांनी तसे नाही म्हणून मान हलवली.

चुलीतला विस्तव विझला होता. मला वाटले आता उठतील. ते म्हणाले, पुन्हा सांग. सकाळपासून सांग.

मी पुन्हा सांगितले.

तुमची माया आहेच, ती मागत नाही. संक्रांतीला तुम्हाला न्यायला दोघेही येतो.

आपली,
कोकिळा