गुलाबीत हिरवं

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओतलं एकदाचं! ऑफिसला जाताना गाडीत दिवा लागला — इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी. पेट्रोल पंपावरच्या माणसाने हिरवी बाटली पुढे केली. म्हटलं, आमच्या गाडीत गुलाबी असतं, कंपनीचं. तो म्हणे, "मॅडम, सगळं एकच. रंग तेवढा वेगळा." उशीर झालेला. अर्धी बाटली ओतली, दिवा गेला.

घरी अवाक्षर काढलं नाही. सासऱ्यांना कळलं तर तासभर व्याख्यान. "माझ्या गाडीत जाईल ते कंपनीचंच!" — मला तोंडपाठ आहे ते.

८ नोव्हेंबर, शनिवार

घात झाला. बाबा, म्हणजे सासरे, गाडी घेऊन बाजारात निघाले आणि चौकातच बॉनेटमधून वाफ! फोन आला तशी मी धावत गॅरेजमध्ये. गॅरेजवाले मिस्त्री, बाबांचे जुने मित्र, त्यांनी झाकण उघडलं तर आत तपकिरी, बुळबुळीत चिखल. म्हणाले, "पाइप गळतोय, ते एक. पण हे बघ — कंपनीच्यात बाहेरचं मिसळलंय. दोन्ही जमत नाहीत, मग असा राडा होतो."

बाबांचा आवाज चढला. "सर्व्हिसिंग तूच केलंस ना? माझ्या गाडीत बाहेरचं घातलंस! तू!"

मिस्त्री बघतच राहिले. "मी? तुझ्या गाडीत?" बस, एवढंच.

दोन गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. आणि मी काय केलं? बाबांचा दंड धरला, "चला घरी, बीपी वाढेल तुमचं." वा गं शहाणे! तोंड उघडायला काय झालं होतं?

९ नोव्हेंबर, रविवार

बाबा गॅरेजमध्ये गेले नाहीत. सासूबाई गेल्यापासून दर रविवारी सकाळी तिथे जाऊन बसतात. दोघं म्हातारे चहा पितात, भांडतात, जगाची उणीदुणी काढतात. तेवढंच त्यांचं हसणं. आज इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावली, आणि खुर्चीत बसून राहिले. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेले. दोनदा चहाचा कप ठेवून परत फिरले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजही नाही सांगितलं. भेकड!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी आणायला मी गेले. मिस्त्रींनी आतून सगळं धुऊन काढलंय, नवा पाइप, नवं कूलंट. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "राहू दे, सूनबाई. जेवतो ना तो नीट?" मी मान हलवली. जेवत नाहीत! अर्धी पोळी टाकून उठतात.

त्या दिवशीचं एक गिऱ्हाईक परत आलंच नाही म्हणे. हे मिस्त्री सांगत होते हसत. तिथेच सांगायला हवं होतं. किल्ली घेतली आणि पळाले, चोरासारखी.

नवऱ्याला सांगितलं. म्हणतो, "गप्प बस, विसरतील दोघं." कसे विसरतील? मला झोप नाही इथे!

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, जाऊन समोर उभी राहिले. "बाबा, ते हिरवं मी ओतलं होतं, चार तारखेला."

वाटलं, आता भडकणार. तर खाली मान घालून म्हणाले, "तू नंतर ओतलंस. आधी मी ओतलं होतं. दुकानात कंपनीचं नव्हतं. म्हटलं, काय होतंय."

"मग मिस्त्रींना का बोललात?"

"चारचौघांत झाकण उघडलं ना त्याने. निघून गेलं तोंडातून." मग अगदी हळू, "मी काय रागावून बसलोय असं वाटलं तुला? कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?"

गेलो दोघं. गॅरेजच्या दारात मला म्हणाले, "तू आधी." मी जागची हलले नाही. शेवटी बाबाच आत शिरले.

आतून आधी बाबांचं "मीच ओतलं होतं रे" ऐकू आलं, मग मिस्त्रींचं, "बस आता. चहा घेशील, की तोही कंपनीचाच लागतो?"