न्यायला कोण येणार?

सोमवार, ९

गेटवरूनच परत! शाळेच्या नव्या स्क्रीनवर खारूला न्यायला येणाऱ्यांत माझं नावच नाही. फक्त तिच्या आत्याचं. वॉचमन ओशाळला – "बाई, मी तरी काय करू?" शेवटी आत्यालाच बोलावलं. वर तो प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसचा!

शाळेचा फॉर्म खारूच्या आईने भरलेला. म्हणजे तिनेच मला गाळलं. खारू ह्यांच्या पहिल्या लग्नाची लेक, मी सावत्र आई – तिच्या आईचंही बरोबरच म्हणा. पण लागलं. खूप लागलं.

मंगळवार, १०

सकाळपासून फोनवर फोन. कुणाच्या आजोबांना परत पाठवलं, कुणाच्या सख्ख्या आईला! म्हणजे घोळ प्रोग्रॅमचा.

शाळेच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक मुलाखाली 'व्यक्ती' हा टॅग, म्हणजे न्यायला येणाऱ्या एकेकाची नोंद, तीन-चारदा येते. आमच्या जावा प्रोग्रॅममध्ये मात्र नाव ठेवायला जागा एकाचीच. दुसरं नाव आलं की पहिलं पुसलं, तिसरं आलं की दुसरं. उरतं ते शेवटचं. कोड आमच्या सीनियरचा, म्हणजे भाऊसाहेबांचा. ब्रह्मचारी माणूस! "अहो, मुलाला न्यायला एका वेळी एकच जण येणार ना?" कपाळ माझं!

मग मीही पुसलीच गेले असेन का? की मुळात नव्हतेच?

बुधवार, ११

एका व्यक्तीच्या जागी व्यक्तींची लिस्ट केली. चालवून बघितलं – सगळ्या लिस्ट रिकाम्या! आगीतून फुफाट्यात. सगळ्या व्यक्तींभोवती आणखी एक टॅग असेल असं मी धरून चालले होते. फाइलमध्ये तसं काहीच नाही, माणसं थेट मुलाखालीच, एकामागून एक. तो जादा टॅग शोधणारी ओळ काढली आणि आली की सगळी! आई, बाबा, आजोबा, शेजारच्या काकू. हुश्श! भाऊसाहेबांनी स्वतःहून चहा पाजला, म्हणजे बघा.

खारूची नोंद उघडायचा मात्र धीर झाला नाही.

गुरुवार, १२

गेटपर्यंत पाय ओढत गेले. वॉचमन स्क्रीन बघून हसला. "बाई, आज चार नावं दिसतायत. काही झालं तर यादीत वरून खाली फोन लावत यायचं. सगळ्यात वर तुम्हीच!"

घरी येईपर्यंत खारूचा हात सोडला नाही.

आत्या शेवटी होती, म्हणून उरली. मी पुसली गेले, कारण खारूच्या आईने मला पहिलं लिहिलं होतं.