अक्का आज चालून आल्या

प्रिय अक्का,

काल येळवस झाली, मार्गशीर्षातली अमावस्या. सकाळी नांदेडच्या घरी मी आंघोळ उरकली, देवापुढं निरांजन लावलं आणि गावाकडं शेतात जायला निघताना किती वाजले ते बघावं म्हणून फोन उचलला. त्यावर लिहून आलं होतं, ‘अक्का आज चालून आल्या. त्यांना शाबासकी द्या.’ खाली टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात.

अक्का, तुला वैशाखात जाळून आलो आम्ही! अस्थी सावडायला मी होतो. गोदावरीत त्या सोडल्या तेव्हा माझेही हात पाण्यात होते. आणि तू येळवसच्या सकाळी चालून आलीस?

म्हणून हे पत्र लिहितोय. रडायला नाही, रडून झालं. मला राग आलाय. फोनचा, त्या ताईंचा, दाजींचा. आणि थोडा तुझाही. तुझ्यावरचा राग दुसऱ्या कुणाजवळ बोलता येत नाही, तो तुझ्याजवळच बोलायचा.

आठवतं, तुझ्यासारखंच पावलं मोजणारं घड्याळ माझ्या मनगटावर कसं आलं ते? भाऊबीजेला तू ओवाळलंस, आणि मी साडीची पिशवी पुढं करायच्या आत तूच माझा हात ओढून ते काळं पट्ट्याचं घड्याळ बांधलंस. ‘आता माणक्या नांदेडात किती हालतो ते मला जळकोटात बसून दिसतंय, आन माझं चालणं तुझ्या फोनवर!’ अशी हसलीस की ताटातलं निरांजन विझलं. त्या घड्याळानं मला छळ छळ छळलं. सकाळी जपाला बसलो की मनगटावर थरथरायचं, ‘खूप वेळ बसलात, उठा.’ देवापुढं बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणारं हे कोण? तरी तुझ्यासाठी घालत राहिलो. तू गेल्यावर दुकानाच्या खणात टाकलं. फोनवर काय काय लिहून येतं ते मी वाचत नाही, बोटानं बाजूला सारतो. काल तुझं नाव दिसलं म्हणून थांबलो.

हे सगळं सुरू झालं त्या साखरपुड्याच्या फोटोवरून. तुझ्या पुतणीचा साखरपुडा, सगळे ओळीत उभे, तू मधोमध हिरव्या नऊवारीत. तुमच्या घरच्या गटावर कुणीतरी लिहिलं, ‘अक्का मधी उभ्या राहिल्या, मागची माणसं झाकून गेली!’ आणि त्याच्याखाली हसणारी तोंडं. पहिलं तोंड दाजींचं होतं. तू फोन माझ्यापुढं धरून म्हणालीस, ‘बघ, तुझे दाजी बी हासायलेत.’ तूही हसलीस. पण साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलास. तुला तसं करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग तुला फोनवर वजन उतरवायचा गट चालवणाऱ्या त्या ताई सापडल्या. ताई! तुझ्या लेकीपेक्षा वयानं लहान पोरगी, कोणत्या शहरात राहते ते माहीत नाही, कधी समोर पाहिली नाहीस, आणि तू तिला ताई म्हणायचीस. जेवणाआधी ताटाचा फोटो तिला पाठवायचा आणि तिचा होकार आला की घास उचलायचा. आपल्याकडं नैवेद्य आधी देवाला दाखवतात. तू तो फोनला दाखवायला लागलीस.

मागच्या येळवसचं सांगू? कडब्याच्या कोपीत पांडवांचे पाच दगड मांडले होते, चुना लावून. पूजा झाली, ज्वारीच्या पिकावर आंबील शिंपडून झाली, पंगत बसली. तुझ्या पानात भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी. तू फोटो काढलास. सगळे जेवायला लागले आणि तू फोनकडं बघत बसलीस.

‘अक्का, जेव की.’

‘थांब रे, येऊ दे.’

‘काय येऊ दे? सून यायलीय का तुझी?’

आलं. ‘आज हे नको, अक्का. काकडी चालेल.’ तू पान सरकवून दिलंस. माझ्या बायकोनं हाताला धरलं, ‘वन्सं, येळवस हाय, एक उंडा तरी,’ तर तू म्हणालीस, ‘सुनिता, मला मोहात पाडू नको.’ काकडी चावत बांधावर जाऊन बसलीस.

तू, अक्का! येळवसच्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला हात धरून शेतात ओढून आणणारी तू! एका वर्षी तू एसटी अडवली होतीस. ड्रायव्हर म्हणाला, ‘मावशे, गाडीला उशीर व्हतोय.’ तू म्हणालीस, ‘गाडी म्हातारी हाय, तिला जरा बसू दे. तू जेव.’ आणि त्यानं खाली उतरून भज्जीचे दोन द्रोण संपवले. येळवसला आपल्या रानातून परका माणूस उपाशी गेला तर वर्षभर लाज वाटायची तुला. मागच्या वर्षी त्या रानातून एकच माणूस उपाशी गेलं, आणि ती तूच.

मी तेव्हा बोललो होतो. तू ऐकलं नाहीस.

संकष्टीचंही बोललो होतो. तू लग्नाआधीपासून संकष्टी करत होतीस. दिवसभर काही नाही, चंद्र उगवला की आरती, मोदकाचा नैवेद्य आणि मग जेवण. चांगला उपास. पण ताईंच्या घड्याळात संध्याकाळी सहाला जेवायची ‘खिडकी’ बंद. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घास नाही. खिडकी उघडी असायची तेव्हा देव सोडेना, आणि देवानं सोडलं तेव्हा खिडकी बंद! म्हणून तू चंद्राला ओवाळून मोदक डोळ्यांना लावायचीस आणि डब्यात झाकून ठेवायचीस. आदल्या संध्याकाळपासून तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत पाणी सोडून काही नाही. मला फोनवर सांगताना केवढी खूश होतीस!

‘एका उपासात दोघं खूश, माणक्या. गणपती बी आन ताई बी.’

‘अक्का, गणपती चंद्र बघून सोडतोय. तुझी ताई का सोडंना?’

‘तिनं मला मुकुट दिलाय रे. गटात सगळ्यात लांब उपास माझा!’

मुकुट! फोनमधला सोनेरी मुकुट. अक्का, तू इतकी शहाणी बाई, मधुमेह झाल्यापासून साखरेची गोळी मात्र वेळेवर घेत होतीस, कारण डॉक्टरचं ऐकायचं. ताईचं ऐकायचं, देवाचं ऐकायचं, डॉक्टरचं ऐकायचं. स्वतःच्या पोटाचं कुणी ऐकायचं?

वैशाखातल्या संकष्टीनंतरच्या सकाळी तू अंगणात पडलीस. लातूरला नेईपर्यंत उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात आणि पोट रिकामं, साखर फार उतरली. घरी आलो तर ओट्यावरच्या डब्यात मोदक तसेच होते.

माझ्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्तीला येतात, अक्का. विहीर आटलेली असते आणि मोटार कोरडी चालवलेली असते. शेतकरी म्हणतो, आवाज तर चांगला येत होता. मीही तसंच म्हणत होतो. फोनवर तुझा आवाज चांगला येत होता.

आता कालचं ऐक.

गावाकडं न जाता मी आधी जळकोटला गेलो. तेराव्यानंतर दाजींशी बोललो नव्हतो. त्या हसऱ्या तोंडाचं मला विसरता येत नव्हतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली तर ते समोरून येत होते. गालफडं बसलेली, सदरा अंगावर टांगल्यासारखा. आणि मनगटावर तुझ्या घड्याळाचा गुलाबी पट्टा.

‘काय हे, दाजी?’

‘काय म्हंजे? चालायलो. ही दुसरी फेरी.’

‘कुणाच्या नावानं?’

ते ओट्यावर टेकले. धाप लागली होती. ‘तिचं नाव गटाच्या यादीत वर व्हतं रे माणिक. खाली जाऊ द्यायला मन हुईना. राख सावडून आलो तर हे वाजायलं. लिहून आलं, अक्का, तुम्ही हार मानली का? मंग घातलं मी.’

‘आन जेवण?’

‘सहाला वाजतंय. त्याच्या बाद न्हाई खात.’

‘त्या बायांना सांगितलं का, अक्का गेली म्हणून?’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ‘रोज लिहितात, वा अक्का, कमाल अक्का. सांगितलं तर कोण लिहील?’

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘फोटोवर हासला तवा न्हाई चालला तिच्यासंगं. आता तिच्या नावानं चालायलाव व्हय?’

ते पट्टा चाचपत बसले. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. पण त्यांचं मनगट दिसलं. पट्ट्यात आणखी एक बोट मावलं असतं. तुझंही चैत्रात तसंच झालं होतं आणि तू ते कौतुकानं दाखवलं होतंस. हे घड्याळ एकावरून उतरून दुसऱ्यावर चढलं होतं, अक्का. त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि शेतात घेऊन गेलो.

पूजा झाल्यावर कोपीत बसून मी त्यांच्याकडून तुझा फोन मागितला आणि ताईंच्या गटावर लिहिलं, ‘अक्का वैशाखात वारल्या. संकष्टीचा उपास आणि हा उपास एकात एक केला, आणि साखरेची गोळी चालू होती. तुमच्यातल्या कुणाला गोळी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. मी अक्काचा भाऊ.’

आधी जोडलेले हात आले. एका बाईनं लिहिलं, ‘पण सकाळी तर चालून आल्या ना?’ दुसरीनं लिहिलं, ‘दादा, मी पण गोळी घेते, नक्की काय झालं?’ मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर माझं लिहिलेलं पुसलं गेलं. मग तुला गटातून काढून टाकल्याचं आलं. ताईंचा एक शब्द नाही! जिवंत होतीस तोवर मुकुट. मेलेली कळलीस तशी बाहेर.

गोळीवाल्या बाईनं मात्र वेगळा निरोप टाकला. मी तिथूनच फोन लावला. परभणीकडची होती. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, ‘दादा, माझा तर लांब उपास चाललाय, उद्यापर्यंत खिडकी बंद हाय.’

‘आत्ता जेवा,’ म्हटलं. ‘मी फोन धरून थांबतो.’

पलीकडं भांड्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ नुसतं चावणं ऐकू येत होतं. सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. दाजींनी विचारलं, ‘काय करायलीय ती?’ मी सांगितलं, ‘जेवायलीय.’

मग मी म्हणालो, ‘दाजी, खातं बंद करतो आता.’

‘आज नको,’ ते म्हणाले. ‘येळवस हाय. आज तिला तुमच्या रानात जेवू दे.’

सुनितानं तुझं पान वाढलं. भज्जी, उंडा, शेंगाची पोळी, वर तूप. दाजींच्या शेजारी. त्यांनी पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि तुझ्या पानातला पहिला घास उचलला. दिवस मावळला, सहा वाजले आणि घड्याळ माझ्या खिशात थरथरलं. त्यांनी खिशाकडं पाहिलं आणि आंबिलीचं गाडगं तोंडाला लावलं. अंधार पडताना कडब्याचा हेंडगा मशालीसारखा पेटवला, तेव्हा तोही त्यांनीच मागून घेतला आणि साऱ्या शेताला फेरी घालून आले. किती चालले? कुणी मोजलं नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही, अक्का. ते तू कर, तुझं तू बघ. पण एक वचन देतो. दर संकष्टीला चंद्र उगवला की मी जळकोटला फोन लावीन आणि त्यांच्या तोंडात घास गेल्याचं ऐकल्याशिवाय ठेवणार नाही. परभणीच्या त्या बाईलाही लावीन. तुझ्या ताईनं मला कितीही गटांतून काढलं तरी.

आज सकाळी दुकान उघडून आधी ते खातं बंद करायचं काम केलं. तुझा फोन घेऊन बसलो. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘तुमची सगळी मेहनत पुसली जाईल. नक्की?’ मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. तुझं घड्याळ आणि माझं, दोन्ही मोटारींच्या जळक्या तांब्याच्या पेटीत टाकली.

आता बस, अक्का. निवांत बसून जेव. आता तुला कुणी ऊठ म्हणणार नाही.

तुझा,
माणक्या