सगळं सत्त्व मुळात

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. निवृत्त माणसाला शिस्त हवी. संकल्प: रानमुळ्याचं मूळ, पान, फूल, शेंग यांतली उपयुक्त द्रव्यं मोजायची, महिनाअखेरच्या परिषदेत भाषण ठोकायचं आणि मग मुलीकडे कायमचं राहायला जायचं. ही नातीला सांभाळायला कधीच तिकडे गेली. म्हणाली होती, "तुमचं संपलं की या." संपतच आलंय. सुरुवात तेवढी बाकी आहे.

५ मार्च
भाषण लिहून झालं. प्रयोग आता करायचा. निष्कर्ष स्पष्ट आहे: सगळं सत्त्व मुळात. जगाने फुलांचे गोडवे गायले आणि मातीत राबणाऱ्या मुळाला ते विसरलं! स्वयंपाकघरात उभं राहून म्हणून पाहिलं. रिकाम्या घरात आवाज चांगला घुमतो.

९ मार्च
ओसाड प्लॉटवरून रानमुळा उपटून आणला. बहर ओसरलाय, होता तेवढा सगळा आणला. वॉचमन म्हणाला, भाजीवाल्याकडे याहून चांगला मिळतो. अज्ञान.

११ मार्च
प्रयोगशाळेत वाळवण. मुळं मंद आचेवर, मानाने. पानं, फुलं, शेंगा चढ्या तापमानाला, घाई आहे. तेवढ्यात जिन्यात भाषणाची तालीम केली. ओव्हन उघडायला उशीर झाला. पानं काळी, वास खमंग. हरकत नाही, दळायला सोपी.
संध्याकाळी मुलीचा फोन. महिनाअखेर नक्की येतो म्हटलं. कुठल्या वर्षाची, असं विचारत होती. स्वभाव आईवर गेलाय.

१४ मार्च
मोजणी. अर्कात रसायन टाकलं की निळा रंग येतो; तो जितका गडद तितकी द्रव्यं जास्त. मुळाची नळी गडद निळी. पानाची फिकट. फुलाची जवळजवळ पाणी. जिंकलो.
हिला फोनवर अर्धं भाषण ऐकवलं. मग कळलं, फोन नातीच्या हातात होता. उत्तम श्रोती. मध्ये बोलत नाही.

१५ मार्च
प्रयोगशाळेची प्रमुख माझीच जुनी विद्यार्थिनी. उरलेली पानं चिमटीत धरून म्हणाली, "सर, ही वाळवलीत की भाजलीत?" तिच्या मते उष्णतेने द्रव्यं जळाली, मुळाला जपलं म्हणून मूळ जिंकलं. सगळे भाग एकाच तापमानाला वाळवून पुन्हा मोजायचे. तोवर भाषण रद्द. वर हळूच म्हणाली, मोजणी आमच्यातलं कुणीही करेल, तुम्ही घरी जा ना. हल्लीच्या पिढीत निष्ठा नाही.

१७ मार्च
प्लॉटवर जाऊन आलो. एकही रानमुळा उरलेला नाही, हंगाम संपला. आता पुढच्या वर्षी. एकच तर वर्ष.

१८ मार्च
हिला फोन केला. पटवून द्यायला मुद्दे काढले होते: सत्य, कर्तव्य, विज्ञानाची हाक. पहिल्याच मुद्द्यावर ही "बरं" म्हणाली. वाद नाही, टोमणा नाही. शेवटी म्हणाली, "मग तुमच्यासाठी रिकामं ठेवलेलं कपाट वापरायला घेते."
चालेल म्हटलं.
माझ्यासाठी कपाट ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.