पेन माझ्याच हातात का अडतं

२ मार्च
सकाळी इगतपुरीहून शकुताई आली. तांदळाची पिशवी आणि एक चुंबकाचं कडं. शेजारीण विकते म्हणे, साखळी-विक्रीतलं काहीतरी. आल्या आल्या माझ्या उजव्या मनगटात घातलं आणि वर हुकूम, "सुध्या, सव्वा महिना काढायचं नाय. आंघोळीलापण नाय." म्हटलं, कशासाठी? "रक्त फिरतं रं. बीपी, गुडघे, समदं." गुडघे पायात, कडं हातात. पण मोठी बहीण, वाद कोण घालणार. राहू दिलं.

संध्याकाळी प्रशांतने माझा फोन आणून दिला. वरची काच बदलून आणली, अश्फाकच्या दुकानातून. "जुनी तडकली होती, बाबा." तडकली होती, दिसत होतं मला. मी सांगितलं होतं का बदलायला? माझी वस्तू परस्पर दुसऱ्याच्या दुकानात दोन तास. मुलगा असला म्हणून काय झालं.

स्नेहलने चहा दिला. त्या मोठ्या मगात, अर्धाच. दिवाळीपासून हे अर्ध्या चहाचं चाललंय. सूनबाईंना दूध वाचवायचंय की काय कोण जाणे.

५ मार्च
फोनचं पेन बिघडलं. जयंतीच्या फलकाचं काम आज काढलं. शिरोरेघ ओढायला घेतली, निम्म्यात तुटली. परत ओढली, मधेच हिसका. तिसऱ्यांदा पेन एकीकडे, रेघ भलतीकडे. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. पिंपळगावच्या निम्म्या टेम्पोंच्या पाठीवर माझी अक्षरं असायची. आणि आज एक सरळ रेघ निघेना.

विहाराच्या दारावरचा फलक तीस वर्षं माझ्या हातचा. आधी कापडावर ब्रशने. आता फ्लेक्स आलं, तर मी फोनवर अक्षरं काढतो आणि प्रशांत त्याच्या दुकानात ती मोठी करून छापतो. पण हात माझाच. एक वर्ष खंड नाही. यंदाही पडू देणार नाही.

काच. दुसरं काय? परवा बदलली आणि आज हे.

६ मार्च
चष्म्याच्या फडक्याने स्क्रीन पुसला. फोन बंद करून चालू केला. पेनाचं टोक चिमट्याने उपटून डबीतलं नवं बसवलं. जुनं काही झिजलेलं वाटत नाही. डबीत तीन टोकं होती असं माझं पक्कं मत. निघाली दोन. स्नेहलला विचारलं. "मी कशाला हात लावू, बाबा?" तेच तर मी विचारतोय.

फरक शून्य.

९ मार्च
इंदिरानगरात अश्फाककडे जाऊन आलो. पोरगेलासा आहे, गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांनीच मला आयुष्यभर भेसळीचं टर्पेंटाइन विकलं. त्याने पेन घेतलं, उभ्या उभ्या स्वतःचं नाव लिहिलं, खाली फूल काढलं. कुठे तुटलं नाही. "चाचा, मक्खन चल रहा है." मग मी फोन काउंटरवर ठेवला, मनगट टेकवून रेघ मारली. तुटली. "आप दबा के लिख रहे हो." मला लिहायला शिकवतोय!

मग फोन घेऊन पडद्यामागे गेला. दोन मिनिटं. काच उचकटून परत बसवली म्हणे, हवा राहिली होती. पडद्यामागे कशाला जावं लागतं त्यासाठी?

घरी आल्यावर पेन हातात घेतलं तर हलकं वाटलं. आधी इतकं हलकं होतं का? बुडाशी सुईने बारीक खूण करून ठेवली. आता बदलून दाखव म्हणावं.

११ मार्च
नवीनच भानगड. सकाळी बागेतल्या बाकावर फोन डाव्या हातात धरून लिहिलं. झकास! एक रेघ अडली नाही. तडक घरी आलो, फोन टेबलावर ठेवला, नीट बैठक मारली, मनगट टेकवलं. पुन्हा तेच रडगाणं.

अश्फाकने काच परत बसवलीय, म्हणजे आता घरातच काहीतरी आहे. वायफायचा डबा बंद केला, प्र. वैतागला. मिक्सर, फ्रीज, स्नेहलची ती इंडक्शन शेगडी, सगळ्यांची बटणं बंद करून बघितली. भात अर्धा कच्चा राहिला. स्नेहलने तो परत शिजायला लावला. ही दोघं हल्ली मला काही बोलतच नाहीत. आधी तर प्र. शब्दाला शब्द देऊन भांडायचा.

१५ मार्च
प्र.ने सेटिंगमध्ये जाऊन टचची सेन्सिटिव्हिटी वाढवली. आता खिशातल्या खिशात फोन कुणालाही लागतो. पेन त्याच्या हातात सरळ, माझ्या हातात जसंच्या तसं.

दुपारी प्र. गॅलरीत फोनवर बोलत होता, जयंतीच्या कमिटीतल्या कुणाशी तरी. मी झोपलोय असं वाटलं असणार. "बाबांचं यंदा बघू जमतंय का... नाहीतर फॉन्ट टाकून देऊ. कोणाला कळतंय."

मला कळतंय.

काच कुणी बदलून आणली? प्र.ने. सेटिंग कुणी बदललं? प्र.ने. फॉन्ट कुणाला सोपा? पोटच्या पोराबद्दल असं मनात आणू नये. पण आलं. आलं ते लिहिलं.

२० मार्च
स्नेहलने माझ्या फोनवर, माझ्याच पेनाने वाण्याची यादी लिहिली. साबण, तूरडाळ, हिंग. टपोरं, स्वच्छ. टेबलावरच फोन होता, घरातच होती, शेगडी चालू होती.

अश्फाकच्या हातात चालतं. प्र.च्या चालतं. स्नेहलच्या चालतं. मग राहिलं काय?

आमचे उस्ताद आठवले. मनगट टेकवल्याशिवाय रेघ मारायची नाही, हे त्यांनीच शिकवलं. भिंतीवर चढलो तरी उजवं मनगट डाव्या मुठीवर, मगच ब्रश. आजही तशीच सवय आहे, फोन टेबलावर असला की मनगट टेकतंच. शेवटी शेवटी त्यांचं टेकवलेलं मनगटही थरथरायचं. आम्ही पोरं मागे उभं राहून हसायचो. मीपण हसलोय.

नाही. काचच आहे. माझ्या हाताला काही झालेलं नाही.

ही वही यंदा भलतीच पुरतेय. कोरी, बिनरेघी वही, पेंटरला आखलेल्या ओळी लागत नाहीत. दरवर्षी त्याच दुकानातून तीच घेतो. गेल्या वर्षी या दिवसांत चांगली जाडजूड भरली होती, आता पाव पण नाही. कागद जास्त घालायला लागले की काय?

२६ मार्च
आज भांडायलाच गेलो. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. म्हटलं बरंच झालं, साक्षीला असू द्या. अश्फाकला सुनावलं, तू हलकी काच लावलीस, पेन बदललंस, आणि माझ्या मुलाशी तुझं संगनमत आहे. शेवटचं बोलायला नको होतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. "रोज़ा है मेरा, चाचा. झूठ क्यूँ बोलूँगा?"

त्याच्यापुढे कुणाचा तरी फोन उघडून ठेवलेला. तो काम करायला लागला आणि एकदम शोधायलाच लागला. चटईखाली, पायाखाली, काउंटरवर. बारीकसा स्क्रू सापडेना. मग माझ्याकडे बघितलं. "चाचा, ज़रा हाथ उठाना."

मी भडकलोच. म्हटलं, "आता मी तुझा स्क्रू चोरला?" आणि हात उगारला, तर स्क्रू माझ्या मनगटावर. एक नाही, दोन. शकुताईच्या कड्याला चिकटलेले. गिऱ्हाईकं खो खो हसली.

अश्फाक हसला नाही. कड्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "ये कब से पहना है?" सांगितलं. "निकालो. चुंबक से ये पेन गड़बड़ करता है." म्हटलं, बहिणीला शब्द दिलाय, सव्वा महिना व्हायचाय अजून. "निकालो ना, चाचा."

काढलं. फोन काउंटरवर ठेवला, मनगट टेकवलं, रेघ मारली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात. बाकीचे कुणी मनगट टेकवत नाहीत, कडं घालत नाहीत, म्हणून त्यांच्या हातात चालत होतं. बागेतही मी मनगट टेकवलं नव्हतं. किती सोपं! डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू. हात चांगला आहे. हात चांगला आहे माझा!

माफी मात्र धड मागितली नाही. "बरं, ठीक आहे" म्हणून निघालो. हे काही बरोबर नाही केलं.

२८ मार्च
काल एका बैठकीत फलक झाला. 'जयंतीनिमित्त सर्वांचे हार्दिक स्वागत'. 'ह'च्या पोटाचा वळसा बघत राहावा असा उतरलाय. अश्फाकच्या दुकानाच्या पाटीचीही अक्षरं काढून पाठवली त्याला. त्याने उलट तीन हृदयं पाठवली. असो.

प्र. म्हणाला, "एक नंबर, बाबा." मी पकडलंच त्याला. मग फॉन्टचं काय चाललं होतं कमिटीशी? चपापला. "तुम्हाला त्रास नको म्हणून."
"कसला त्रास?"
"काही नाही. असंच."
असंच म्हणजे काय? माणूस उगाच असंच म्हणत नाही.

१ एप्रिल
शकुताईला फोन लावला, झाडायला. म्हटलं, तुझ्या कड्यापायी मी एका भल्या पोराला चोर ठरवलं, पोटच्या पोरावर संशय घेतला. आणि गुडघ्याचं कडं हातात घालतं का कुणी?

मग म्हणाली, "गुडघ्याचं नव्हतंच रं ते. जानेवारीत आलतास ना माझ्याकडं? चहा पिताना तुझी बशी वाजत होती. नुसता मांडीवर हात ठिवला तरी अंगठा हलत व्हता तुझा. मला लय भ्या वाटलं. म्हणून आणलं."

म्हटलं, इगतपुरीची थंडी होती.
"हां, थंडीच असंल."
इतक्या पटकन कबूल झाली. शकुताई साठ वर्षांत माझ्याशी कधी पटकन कबूल झालेली नाही.

२ एप्रिल
गेल्या वर्षीची वही काढली. याच दुकानातली, याच मापाची, कोरी. दोन्ही शेजारी उघडून ठेवल्या.

गेल्या वर्षीच्या पानावर एकोणीस ओळी. या वर्षीच्या पानावर एकतीस. तिथला 'म' हरभऱ्याएवढा आहे. इथला मोहरीएवढा. आणि ओळीच्या शेवटाकडे तर आणखी बारीक होत गेलाय. आयुष्यभर अक्षरांची उंची मोजून खाल्लं, आणि हे रोज माझ्याच हाताखाली चाललं होतं.

या वहीला ना काच, ना सेटिंग, ना चुंबक. अश्फाकचं तर बोटसुद्धा लागलेलं नाही.

घाई असेल. म्हातारपणी अक्षर बारीक होतंच म्हणतात. कोण म्हणतं ते आठवत नाही.

१३ एप्रिल
फलक लागला. विहाराच्या दारावर, नऊ फुटी. लोक थांबून बघत होते. कमिटीवाले म्हणाले, "काका, फॉन्टमध्ये ही मजा नाही." मान ताठ झाली जरा.

मग चहा फिरला. सगळ्यांना ट्रेमधून कागदी कप, काठोकाठ. माझ्यापर्यंत ट्रे आला तर स्नेहल मधेच आली, "बाबांचा मी आणलाय." पिशवीतून मग काढला. घरचा, तो मोठा, जाड कानाचा. थर्मासमधून चहा ओतला. अर्धाच.

मग घरून आणला होता तिने. फडक्यात गुंडाळून.

मी मगाकडे बघत बसलो. दिवाळीपासून. दूध वाचवत नव्हती ती. मी सांडू नये म्हणून, चार लोकांत माझी बशी वाजू नये म्हणून. आणि मी तिला कंजूष म्हणत होतो, टोकांची चोर म्हणत होतो. समोर प्र. उभा होता. त्याने नजर फलकाकडे वळवली. ह्या दोघांना सगळं माहीत आहे. कधीपासून माहीत आहे?

चहा गोड होता. सगळा प्यायलो.

१५ एप्रिल
सकाळी स्नेहलला म्हटलं, "आज मला कपबशीत दे. भरून."

तिने प्र.कडे बघितलं. प्र.ने पेपर खाली केला, परत वर केला. "तो मग बरा आहे की, बाबा," असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. कुणी म्हणालं नाही. ती म्हणाली, "बरं."

आता दोघं समोर बसलेत. प्र. पेपर वाचतोय असं दाखवतोय, पान मात्र उलटत नाही. पान तेच, नजर माझ्या हातावर. यांच्यावर मी उगाच संशय घेतला, तेव्हा आज यांना खुशाल बघू दे.

कपबशी समोर आहे. काठोकाठ भरलीय, वाफ येतेय. उजवा हात टेबलावर आहे, कडं नाही.

उचलतो. आधी हे एवढं लिहून घेतो, मोठ्या अक्षरात.