लांडग्याने सोडलेली

रविवार, दिवस मावळताना. मोरबी.

नाही म्हणजे नाहीच पटलं. मोबाईलवरची ती माणूस-लांडग्यांची कादंबरी आज संपली अन् शेवट साफ फसला. कळपाचा म्होरक्या सगळ्यांदेखत बायकोला म्हणतो, तू माझी नाहीस. मग शेवटी हिऱ्यांचा हार आणतो अन् ती लगेच गळ्यात पडते. असं असतंय व्हय?

पण सोडल्यानंतरचं लई खरं लिहिलंय. ती कुठंही असली तरी तिच्या केसांचा वास त्याच्या मागं येतो. तिथं माझं वाचणं थांबलं होतं, दोन दिवस.

मीही पाथर्डीत सगळ्या टोळीदेखत मुकादमाला बायकोबद्दल म्हणालोच की, हिला मोळी बांधता येत नाही, हिच्यासंगं ऊसतोडीला जाणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. मी तो मोडला अन् इकडं टाईल्सच्या कारखान्यात आलो. सुनीता नुसती बांधलेलं बोचकं सोडत बसली.

मघाशी मोबाईल ठेवला तर खोलीत वास. माक्याच्या तेलाचा. सुनीता तेच लावते. मनाचे खेळ, म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात माझ्यासंगं राहणारा संगमनेरचा बाळ्या कामावरून आला अन् दारातच थबकला.

"काय गड्या, बाई आली हुती का खोलीत? तेलाचा वास येतोय."

मी खिडकी उघडली. वास गेला नाही.

हार माझ्याकडं नाही. सुनीताच्या मोबाईलवर गाडीभाडं टाकतोय. इकडं यायचं का नाही, तिनं ठरवावं. पंधराशे रुपये.