खेकड्याखालची जागा

६ एप्रिल
सभागृह झाडताना आज परत छताचा चुना सापडला. बरोबर वर टांगलेल्या खेकडा दिव्याखाली. कालच पुसलं होतं. बाकी कुठंच पडत नाई.
सभागृहाच्या सेक्रेटरीले दाखवला. म्हने, "मावशी, इमारत म्हातारी झाली." मी म्हनलं, म्हातारी मीबी झाली, पन मी कोनाच्या डोक्यावर टांगली नाई.

९ एप्रिल
लोडशेडिंग संपून लाइट आली तं खेकडा टिकटिकला. पितळ तापलं का असंच, म्हनतात. डावीकडचा एक हात खाली आल्यासारखा दिसते. का माह्याच मनाचं?
माय सांगे, हा दिवा नवा लागला तवा अकोल्यातले लोक त्याच्याखाली बसत नसत. झुंबर म्हनलं का काचेचं पाह्यजे, लोलक पाह्यजे. हे काय, पितळेचे हात अन टोकाले पत्र्याच्या टोपल्या! खेकडा नाव तवाचंच. कीर्तनाले आलेल्या बाया भिंतीले चिकटून बसत. शहाण्या होत्या.
आता उलटं. पुण्याची एक पोरगी फोटो काढून गेली, पेपरात आलं का त्या काळचा असा नमुना आता कुठं राह्यला नाई, याले हात लावू नका. तवापासून जो तो खाली उभा राहून फोटो काढते.

१३
अखजीले, म्हनजे अक्षय्य तृतीयेले, इथंच सामुदायिक लग्न. कापसानं औंदा सगळ्याइलेच बसवलं. माह्या रूपीचंबी त्यातच. पोरगा अचलपूरचा, चांगला हाये.
सेक्रेटरी हसत म्हने, "तू तं घरचीच. तुह्या पोरीले मानाची जागा." मानाची म्हनजे खेकड्याखाली.

१५
वायरमन रहीमभाईले वर चढवलं. उतरून म्हने, "भाभी, हुक छताच्या वाटीच्या अंदर हाय. वाटी खोले बिगर क्या बोलू? अन खोलाची मनाई." पडन का? "पडेगा भी, नाई भी." एवढं सांगून चहा पिऊन गेला मेला.

१८
जागा बदलून घेतली. दारापाशी. रूपी रुसली. मंग म्हने, "माय, एकच फोटो चांगला निंघनार होता माहा." हार घातलेला फोटोच पाह्यजे का तुले, म्हनलं. अन मंग माह्याच जिभेचं भेव वाटलं.
पन सुटली.

२१
सुटली कुठं. ती जागा मोझरीकडच्या एका पोरीले भेटली. बाप नाई तिले. मायसंगं जागा पाहाले आली अन माह्या पाया पडली. "मावशी, तुमच्यामुळं भेटली." आशीर्वाद न देताच तिले उठवलं. नावबी नाई विचारलं. नाव कळलं असतं तं झोप गेली असती. तशीबी गेली.

२४
सेक्रेटरीले सरळ म्हनलं, तिथं कोनालेच बसवू नका. म्हने इंजिनिअर पाह्यन. कवा? लग्न झाल्यावर.

२७
सुचलं एकदाचं! घरून देव्हाऱ्यातली महाराजाची तसबीर आनली, खेकड्याखाली चौरंग, रांगोळी, समई. आता पाहू कोन तिथं पाट मांडते. सेक्रेटरी चप्पल काढून उभा राह्यला, छान केलं म्हने. मोझरीच्या पोरीचा पाट बाजूले सरकला.
लय दिवसानं पोटभर जेवली.

२९
हे काय करून बसली मी.
वऱ्हाडं याले लागली. जो येते तो पयले तसबिरीपुढं. म्हाताऱ्या, लेकरं, नवरदेव. सगळे खेकड्याखाली डोकं टेकवून राह्यले. रांग तुटेना. उचलाले गेली तं एका आजीनं मनगट धरलं, "मांडलेला देव उठवते का वं, बाई? लग्नाच्या घरी?" सेक्रेटरीनं माइकवर सांगितलं, उद्या अक्षता पडल्या का सगळ्या जोड्या इथंच दर्शन घेतीन. टाळ्या.
रूपी म्हने, "पाह्य माय, आला न फोटो खेकड्याखाली."

३० एप्रिल, अखजी, सकाळ
झाडलं. चुना होता. तसबिरीच्या काचेवर. पदरानं पुसला.
लाइट गेलेली. रहीमभाईले म्हनलं, आली तरी आज खेकडा लावू नको. "भाभी, साब का हुकूम हाय, आज पूरा लगाओ."
चौरंगापाशीच बसली हावो. जो येते त्याले म्हनतो, टेकवलं डोकं? हो बाजूले, हो लवकर. लोकं हासतात. म्हनतात, लय तिखट पुजारीन ठेवली.
बँडवाले आले. रूपी हाका मारून राह्यली, माय, शालू नेसवून दे. जाव लागते. पन मी उठली तं इथं लवकर हो कोन म्हनन
लाइट आली. वर खेकडा टिकटिकला.